पडद्यावरचे कोकण

सिनेमा पाहण्याचे वेड आम्हांस लहानपणापासून आहे. या वयात ते लपविण्यात काही अर्थ नाही. मुंबईस भायखळ्याच्या चाळीत राहत असता शब्बाथ उलटून हव्दालाचा दिवा विझला रे विझला, की मुठीत चार आणे घट्ट धरून आम्ही रात्रीच्या खेळाला धाव घेत असू. वडील रागावत, आई पदराआड हसे. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाचे नाव, तारीख आणि दोन ओळींचा अभिप्राय एका वहीत लिहून ठेवण्याची सवय तेव्हाच जडली. १९७४ साली सहकुटुंब इस्राएलात आलो, तेव्हा भांड्यांच्या आणि प्रार्थनापुस्तकांच्या पेटीत ती वहीही आली. आज तिची चौथी बहीण आमच्या उशाशी आहे.

बेरशेव्यास घर मिळाले. त्या काळी शेजारपाजारचे मोरोक्कन आणि रुमानियन लोक आम्ही हिंदुस्थानातून आलो असे कळताच राज कपूरचे नाव घेत आणि 'संगम'मधील गाणी आपल्या उच्चारात म्हणून दाखवीत. १९६४ सालचा तो चित्रपट आमच्या आधीच या देशात येऊन लोकांच्या मनात घर करून बसला होता. मराठी बोलपट मात्र येथे दुर्मीळच. पुढे कोणी मुंबईहून येताना व्हिडिओ कॅसेट आणी, ती घरोघर फिरे आणि फिरून फिरून तिच्यावरील चित्र पावसात भिजल्यासारखे दिसू लागे. आता काळ पालटला आहे. आमच्या चिरंजीवांनी दिवाणखान्यातील टेलिव्हिजन इंटरनेटला जोडून दिला आहे, आणि शब्बाथ संपल्यावर आमचे छोटेसे थिएटर घरातच भरते. प्रेक्षक तीन : आम्ही, चिरंजीव आणि चौदा वर्षांचा धाकटा नातू.

या नातवाची मराठी 'बस', 'ऊठ', 'जेव' आणि 'नको' एवढ्यावर संपते. तो पडद्याखाली धावणारी इंग्रजी अक्षरे वाचतो. प्रथम प्रथम आम्ही मध्येच थांबवून हिब्रूत भाषांतर करून सांगत असू. दुसऱ्याच आठवड्यात त्याने हात जोडून विनविले, "सब्बा, चित्र चालू असताना बोलू नका." तेव्हापासून आम्ही तोंड मिटून बसतो. गेल्या काही महिन्यांत या थिएटरात पाहिलेल्या चित्रपटांविषयी चार शब्द लिहावेत, असा विचार आहे.

आपला डेव्हिड

आरंभ झाला तो नातवाच्या एका प्रश्नाने. "हिंदुस्थानच्या सिनेमात आपल्यांपैकी कोणी होते का?" असे त्याने विचारले. आम्ही ताठ बसलो! हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. तो ज्या नाटकावरून घेतला, ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएल. आणि नट म्हणाल तर डेव्हिड. पडद्यावर एवढेच नाव येई. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावातच चेऊल गाव बसलेले आहे. आमची आडनावे म्हणजे कोकणचा नकाशाच की! पेणकर, चेऊलकर, नवगावकर, अष्टमकर, किहीमकर. येथे आल्यावर पुष्कळांनी ती गाळली किंवा हिब्रू करून घेतली. तो ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु नकाशाचा एकेक तुकडा त्यामुळे फाटून गेला, हे खरे.

आम्ही 'बूट पॉलिश' लावला. निर्माता राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा, साल १९५४. भोला आणि बेलू ही दोन पोरकी भावंडे. त्यांची चाची त्यांना भीक मागावयास लावते. वस्तीतील लंगडा जॉन चाचा चोरून दारू विकणारा. पण तोच मुलांना शिकवितो, की हात पसरण्यासाठी नसतात, काम करण्यासाठी असतात. मुले पै पै जमवून पॉलिशची पेटी घेतात. पुढे जॉन चाचा तुरुंगात जातो, पाऊस लागतो, आणि भर पावसात जोड्यांना पॉलिश कोण करून घेणार?

डेव्हिडला या भूमिकेबद्दल साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि ते सर्वस्वी योग्य होते. चित्रपटाचा उत्तरार्ध योगायोगांवर फार विसंबतो, हे आम्ही पूर्वीच्या वहीत लिहिले होते आणि आजही तेच म्हणू. पण डेव्हिड पडद्यावर असतो तोवर शंका सुचत नाही. बुटकी मूर्ती, टक्कल, डोळ्यांत मिस्कीलपणा, आणि एकाएकी त्या डोळ्यांत तरळणारे पाणी! पुढे 'चुपके चुपके' (१९७५) आणि 'गोलमाल' (१९७९) यांतील त्याच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांला पुष्कळ हसविले; पण जॉन चाचाची सर त्यांना नाही. तो मुलांशी बोलतो तो खाली वाकून नव्हे, तर बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसा. नातू म्हणाला, "हा मुलांना खोटे सांगत नाही." हा शेरा आम्ही वहीत उतरवून घेतला. पुढे तो आम्हांलाच भोवणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

दोन आया

नंतर 'श्यामची आई', आणि तीही दोनदा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेला बोलपट १९५३ साली आला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक घेऊन गेला. गिरगावात आईच्या मांडीला मांडी लावून आम्ही तो पाहिला होता. त्या दिवशी थिएटरात रडले नाही असे माणूस शोधून सापडले नसते. आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. परत येताना ट्राममध्ये ती एवढेच म्हणाली, "बाई आपल्यातलीच वाटते."

वास्तविक श्यामचे घर कोकणस्थ ब्राह्मणाचे, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड. आमचे पूर्वज उत्तरेकडचे, कुलाब्याचे. त्या जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणतात. त्यांच्या घरी देवपूजा, आमच्या घरी शमा. आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. तरीही आईला ती बाई आपली वाटली, कारण माजघर, परसू, विहीर, नारळ आणि कर्ज ही सर्वांची सारखीच होती. आणि मुलावर माया करताना त्याच्या वळणाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी आई दोन्हीकडची एकच. न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळपायांना माती लागू नये म्हणून ती ओले लुगडे पसरते, आणि मनालाही अशीच घाण लागू देऊ नकोस म्हणून बजावते. पोहावयास भिणाऱ्या श्यामला ती शिंपटी घेऊन घराबाहेर काढते. दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा आम्ही पाठ केली होती, पण आईबापांचा मान का राखावा, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

इतक्या वर्षांनी तो बोलपट पुन्हा पाहताना त्यातील उणिवा दिसल्या, हे कबूल केले पाहिजे. पात्रे रंगभूमीवर उभी असल्यासारखी बोलतात, कॅमेरा फारसा हलत नाही. पण वनमालाबाईंचा चेहरा! 'सिकंदर'मध्ये राजवाड्यात वावरलेली ही देखणी नटी येथे जुनेर नेसून चुलीपुढे बसते आणि क्षणभरही नटी वाटत नाही. माधव वझे यांचा श्यामही तसाच निर्व्याज.

सुजय डहाके यांनी २०२३ साली हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, आणि आजच्या रंगांच्या दिवसांत ती कृष्णधवल ठेवली. हे धाडस आम्हांस आवडले. गौरी देशपांडे यांची आई शांत आहे, आवाज न चढविता हुकूम चालविणारी आहे. पावसाळी अंगणे, कंदिलाचा उजेड, खोल सावल्या यांचे छायालेखन पाहत राहावे असे. या चित्रात मोठेपणीचे साने गुरुजी (ओम भुतकर) आणि त्यांचे स्वातंत्र्यलढ्यातील दिवस बालपणाच्या गोष्टींत गुंफले आहेत. त्यामुळे आईच्या शिकवणीचे पुढे काय झाले, ते कळते. पण बाळ श्यामच्या गोष्टीत मन रंगू लागावे आणि तिने हात सोडून निघून जावे, असेही दोन-तीनदा घडते. या चित्रपटास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्हांला विचाराल तर डोळ्यांसाठी नवा पाहावा आणि रडण्यासाठी जुना.

नातवास कोणता आवडला? "नवा," तो तात्काळ म्हणाला, मग थोड्या वेळाने, "पण जुन्यातली आई."

आजोबांचा एक दिवस

'श्यामची आई'नंतर मराठी चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोच्च मान मिळावयास अर्धे शतक लोटावे लागले. तो मिळविला संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने, २००४ साली. ऑस्करसाठी भारताकडून हाच चित्रपट गेला, आणि त्याच्या प्रचाराचा खर्च निघावा म्हणून महाराष्ट्रात साध्यासुध्या माणसांनी वर्गणी दिली. 'श्वास' आम्ही पूर्वी पाहिला होता. पण शेजारी नातू बसलेला असताना तो पाहणे ही गोष्ट वेगळी.

कोकणातील एका खेड्यातून केशव विचारे हे आजोबा आपल्या लहानग्या नातवाला, परशुरामला, शहरातील डॉक्टरांकडे आणतात. पोराला नीट दिसत नाही. तपासण्या होतात आणि निदान निघते रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. डॉक्टर बजावतात, की शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितलेच पाहिजे. सांगावयाचे कोणी? आणि कोणत्या शब्दांत? शस्त्रक्रिया लांबते, आणि एके दिवशी आजोबा नातवासह रुग्णालयातून नाहीसे होतात. सगळीकडे धावाधाव. आजोबांनी मात्र त्याला शहर दाखवावयास नेलेले असते. जे पाहावयाचे ते आजच पाहून घे, एवढाच त्यामागचा हेतू.

अरुण नलावडे यांनी हे आजोबा असे उभे केले आहेत, की त्यांच्या धोतराच्या सोग्यापासून कागदावर अंगठ्याजवळ थबकणाऱ्या हातापर्यंत कोठे खोट काढावयास जागा नाही. अश्विन चितळेचा परशुराम हट्टी, चिडका, खराखुरा मुलगा आहे. संदीप कुलकर्णी यांचे डॉक्टर कामाच्या रगाड्यात कठोर झालेले, तरी आतून ओले. रुग्णालयातील समाजसेविकेच्या कामात अमृता सुभाष आहेत. चित्रपटात खलपुरुष नाही, नाच नाही, योगायोग नाही. शेवटी काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावी परततो, तेव्हा खाडीचे पाणी आणि माणसांच्या हाका त्याला नव्याने ऐकू येतात, आणि आम्हांलाही.

एक खंत मात्र सांगितली पाहिजे. डॉक्टर आजोबांना 'तुम्ही' म्हणतात आणि मुलाला 'तू'. त्या एका 'तुम्ही'त शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसाने खेडुताच्या वयाला दिलेला मान आहे. इंग्रजीत तो दिसत नाही. हिब्रूतही दिसला नसता, कारण तेथे पंतप्रधानालाही 'तू'च म्हणतात. नातवाने सर्व वाचले, सर्व समजले, पण तो मान त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. बोलू नये अशी ताकीद असल्यामुळे आम्ही गप्प राहिलो. चित्र संपल्यावर त्याने विचारले, "मुलाला सांगायलाच हवे होते का? न सांगता झोपवले असते तर?" आम्ही पोक्तपणे उत्तर दिले, की ज्याचे आयुष्य बदलणार, त्याला आधी सांगितले पाहिजे, डॉक्टरांचे म्हणणे अगदी योग्य. चिरंजीव त्या वेळी काही बोलले नाहीत.

बदली

शेवटचा चित्रपट 'किल्ला'. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन आणि छायालेखन दोन्ही केले आहे. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिला. मुलांनी निवडलेला चित्रपट म्हटल्यावर आमच्या नातवाची कळी खुलली.

चिन्मय हा अकरा वर्षांचा मुलगा. वडील वारलेले. आई सरकारी नोकरीत. तिची बदली पुण्याहून कोकणातील एका लहान गावी होते. मुलगा हुशार, पण अबोल. नवी शाळा, नवी भाषा, बाकावर शेजारी बसणारा वात्रट बंड्या. हळूहळू मैत्री जमते : खेकडे पकडणे, सायकलींच्या शर्यती, समुद्राकाठचा किल्ला. एका वादळी दिवशी मित्र त्याला किल्ल्यात एकटे टाकून निघून जातात आणि ती जखम फार दिवस भरत नाही. आईचीही वेगळी परीक्षा चालू आहे. कचेरीत नको त्या कागदांवर सही करण्यासाठी तिच्यावर दडपण येते. दोघांची दुःखे एकाच घरात शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आणि मुलाचे मूळ जेमतेम मातीत रुजते न रुजते, तोच आईची पुन्हा बदली होते.

अमृता सुभाष येथे आई आहेत, आणि अर्चित देवधर व पार्थ भालेराव या मुलांनी तर मोठ्यांना मागे टाकले आहे. कोकणचा पाऊस इतका खरा आम्ही पडद्यावर क्वचितच पाहिला. वाळवंटात बसून तो पाहताना कौलांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा वास आला, असे म्हटले तर हसू नये. थोडा संथ आहे. घाईच्या माणसाने वाटेस जाऊ नये.

चित्रपट संपला. नेहमीप्रमाणे आम्ही वही उघडली. नातू हिब्रूत म्हणाला, "त्या आईने मुलाला एकदा तरी विचारले का, की तुला जायचे आहे का?" आम्ही समजावू लागलो : सरकारी नोकरी, बदलीचा हुकूम, विधवा बाई, ती बिचारी काय करणार. त्याने ऐकून घेतले आणि मग बापाकडे वळून विचारले, "तुम्ही इकडे आलात तेव्हा तुला विचारले होते?"

चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे होते. ते बराच वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. घरात ते आमच्याशीही हिब्रूच बोलतात. चाळीस वर्षे तसेच चालले आहे. पण त्यांनी उत्तर दिले ते मराठीत, अगदी भायखळ्याच्या मराठीत : "विचारलं नव्हतं. विमानात बसल्यावर सांगितलं, की आता परत जायचं नाही."

वाचकहो, आम्हांस हे आठवत नव्हते. त्यांना एक्कावन्न वर्षे आठवत होते. मग हळूहळू आम्हांसही आठवले. मुलगा रडेल, शेजारी जमतील, निघताना अपशकुन होईल, म्हणून आम्ही आणि आमच्या कुटुंबाने त्याला 'फिरावयास जात आहोत' असे सांगितले होते. सामान जड होते म्हणून त्याची गोट्यांची पिशवी शेजारच्या मुलाजवळ ठेवली. आल्यावर घे म्हणालो. पुण्यभूमीस यावे ही आमच्या वाडवडिलांची इच्छा होती, आणि आल्याचा पश्चात्ताप आम्हांला नाही, त्यालाही नाही. तो येथे सैनिक झाला, बाप झाला. पण निर्णय योग्य असला, तरी तो ज्याच्यावर लादला त्याला आधी सांगावयास नको होते का? पंधरा दिवसांपूर्वी 'श्वास' पाहून आम्हीच मोठ्या पोक्तपणे निवाडा दिला होता.

बापाचे मराठी वाक्य नातवास समजले नाही. "काय म्हणाला तो?" त्याने आम्हांलाच विचारले. पडद्याखाली या वेळी अक्षरे नव्हती. ज्या भाषांतराची आम्हांला इतकी हौस, ते करण्याची पाळी आता आली होती. एक शब्दही न गाळता आम्ही ते वाक्य हिब्रूत सांगितले. मग चिरंजीवांकडे वळून मराठीत म्हणालो, "चुकलंच आमचं." ते म्हणाले, "असू द्या, पपा." आणि नातवाने याचेही भाषांतर मागितले.

आमच्या पिढीतील पुष्कळ घरांत अशी एखादी गोट्यांची पिशवी मागे राहिली असेल. तीविषयी समोरासमोर बसून बोलणे जड जाते; अंधारात, शेजारी शेजारी बसून, दुसऱ्याच कोणाची गोष्ट पाहत असता ते सोपे होते. म्हणून समाजाच्या कार्यकर्त्यांस एक विनंती आहे. सणासुदीच्या मेळाव्यांत मलिदा, भाषणे आणि गाणी होतात, ती व्हावीतच. पण वर्षातून दोनदा तरी सभागृहात एखादा मराठी चित्रपट लावावा आणि तिन्ही पिढ्यांना एका रांगेत बसवावे. चित्र चालू असताना आजोबांनी बोलू नये. संपल्यावर मात्र दिवे लगेच लावून खुर्च्या आवरावयास घेऊ नयेत.

पुढील शनिवारी काय लावावयाचे, हे आता नातू ठरविणार आहे. त्याने एक अट घातली आहे : इंग्रजी अक्षरे बंद ठेवावयाची आणि जेथे कळणार नाही तेथे तो स्वतः थांबवून विचारील. वहीत तारीख घालून ठेवली आहे.